तिसाव्या मजल्यावरचं कूळ

शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला पुण्या-मुंबईचा आलिशान टॉवर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यातली निम्मी गोष्ट त्याच्या जॅकवेलवर असते आणि उरलेली निम्मी सातबाऱ्यावर. हे मला पटलं ते पुण्यातल्या एका तीस मजली इमारतीच्या तळघरात. शिरोळहून लेकीकडे आलेले एक काका पंपघर बघायचंच म्हणून हटून बसले होते. लेक आणि जावई तिथं सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. पोहण्याचा तलाव, जिम, क्लबहाऊस असं सगळं जावयानं दाखवून झालं होतं, पण काकांचा जीव अडकला होता मोटरीत.

"हेड किती बसतंय?" त्यांनी पंपवाल्याला थेट विचारलं. कृष्णा-पंचगंगेतून उसाला पाणी उपसणाऱ्या माणसाचा हा पहिला प्रश्न असणारच.

हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, साधारण ९० मीटर बसतं. ऐकताना ते भलतंच वाटतं, पण हिशेब करा. चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरच्या मापानं दिवसाला ५४० लिटर पाणी लागतं. ते ९० मीटर चढवायला, पंपाची निम्मी ताकद वाया जाते असं धरलं तरी, जेमतेम पाव युनिट वीज लागते. अख्ख्या कुटुंबाचं दिवसाचं पाणी तिसाव्या मजल्यावर पोचतं ते जुना पंखा तीन-चार तास फिरायला लागते तेवढ्या विजेत!

खरी कसरत पुढं आहे. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, हे शिरोळात कुणालाही ठाऊक. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप सरळ खाली सोडला, तर पहिल्या मजल्यावर नऊ किलोच्या आसपास दाब येईल आणि तीन-चार किलोच्या वर दमणारे नळ-कॉक पटापट जातील. म्हणून इमारतीचे उंचीप्रमाणे पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्याला वेगळी लाइन आणि तिच्यावर दाब उतरवणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो.

"म्हंजे चढवायला काय न्हाई, उतरवतानाच भ्या हाय म्हण की!" काका खूश झाले.

आणखी एक गंमत आहे. सगळ्यात वरच्या मजल्यांना पाण्याचा जोरच नसतो, कारण टाकी डोक्याच्या जेमतेम वर असते. जिथलं भाडं सगळ्यात जास्त, तिथंच शॉवरसाठी वेगळा बूस्टर पंप लावावा लागतो. लिफ्टचंही असंच उलटं आहे. तिच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला मोठं वजन बांधलेलं असतं, डब्याचं वजन अधिक त्याच्या भाराचा निम्म्याच्या जवळपास हिस्सा, एवढं. त्यामुळं रिकामी लिफ्ट वर जाते तेव्हा मोटर तिला ओढत नसते, आवरत असते.

हे सगळं यंत्र लेक-जावई वापरतात, पण त्यातला एक बोल्टसुद्धा त्यांचा नाही. पंप जळला, लिफ्टची केबल बदलायची झाली, बाहेरून रंग द्यायचा झाला, तर लाखांची वर्गणी मालकाच्या बोकांडी. भाड्याच्या घराचं पहिलं सुख हेच. आणि दु:खही इथंच सुरू होतं, कारण ज्याची वर्गणी नाही त्याला मतही नाही. सोसायटीच्या सभेत भाडेकरू मतदार नसतो. गावाकडून पाहुणा गुळाची ढेप घेऊन आला तरी त्याला फाटकावर मोबाइलच्या परवानगीची वाट बघत उभं राहावं लागतं, आणि तो नियम बदलणं भाडेकरूच्या हातात नाही. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. पूर्वी हे मनाला येईल तसं लावत. २००१ मध्ये सरकारनं त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली.

आता सातबारा. काकांनी करारनामा हातात घेतला आणि विचारलं, अकरा महिनेच का? वर्ष का नाही?

याचं उत्तर त्यांना दुसऱ्या रूपात आधीच माहीत होतं. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. तेव्हापासून जमीन फाळ्यानं देणारा मालक तोंडी बोलीवर, हंगामापुरती देतो आणि पीकपाहणीला दुसऱ्याचं नाव लागू देत नाही. शहरातल्या घरमालकाला तशीच धडकी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भरवली. मुंबईतल्या चाळींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य झालं. मग मालकांनी पळवाट काढली: भाड्यानं द्यायचं नाही, नुसता राहायचा परवाना द्यायचा. १९७३ मध्ये तीही अंगाशी आली, कारण त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते त्यांना कायद्यानं भाडेकरू करून टाकलं. घरं कुलपात गेली ती त्या भीतीनं.

नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि कुलपं निघाली. मुदत संपली की परवान्यावर राहणाऱ्यानं घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट दरानं भरपाई द्यायची, आणि दाद झटपट लागते. म्हणजे तिसाव्या मजल्यावरचं घर लेकीला मिळालं ते तिचा हक्क इतका पातळ आहे म्हणूनच. हक्क दाट असता, तर ते आज कुलपात असतं. मला तरी हा सौदा एकंदरीत न्याय्य वाटतो. मात्र लेकराची शाळा त्याच रस्त्यावर असेल आणि मालकानं घर विकायला काढलं असेल, तर तो गोड वाटणार नाही.

पैशाचं गणित तर काकांना चक्रावून गेलं. घराची किंमत समजा सव्वादोन कोटी आणि भाडं महिना ५५ हजार. वर्षाचं भाडं किमतीच्या तीन टक्केही होत नाही. तेच घर विकत घेताना दीड कोटीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं, तर हप्ताच एक लाख तीस हजारांचा, शिवाय पाऊण कोटी पदरचे. "मालक येडा हाय काय?" असं ते म्हणाले खरे, पण मालक भाड्यावर जगत नसतो, किंमत वाढायची वाट बघत असतो. ती वाढली तर त्यातला छदामही भाडेकरूला मिळत नाही. भाडं महिना ५० हजारांच्या वर गेलं की भाडेकरूनंच त्यातून २ टक्के टीडीएस कापून सरकारात भरायचा, ही वरची हमाली.

राहिले अकरा महिने. नोंदणी कायद्यानं वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती नोंदणी टाळायला ही मुदत रुळली. पण २००० पासून महाराष्ट्रात परवान्याचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदवलेलाच लागतो. जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. टाळायचं काही उरलंच नाही, तरी अकरा महिने चालूच आहेत! मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारालाही तोच आहे. लेकीनं पुढच्या खेपेला ३६ महिन्यांचा करार मागितला. मालक कबूल झाला, फक्त दर वर्षी पाच टक्के वाढ लिहून घेतली.