भंगारातला बैल

मोटारसायकल जुनी झाली. इंजिन बसले. दुरुस्ती परवडेना. मग ती भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. तिथे साखळी काय, किक काय, भाव एकच. किलोचा.

पण याच तुकड्यांतून कारागीर बैल करतो, घोडा करतो, मोर करतो. हे कसे होते ते पाहू. यात जिवाला धोका कोठे आहे, तेही समजून घेऊ.

आधी नजर पाहिजे

पिकासो नावाचा एक थोर चित्रकार होऊन गेला. १९४२ साली त्याने सायकलची जुनी सीट घेतली आणि जुने हँडल घेतले. सीट उभी धरली. तिच्या वर हँडल बसवले. झालं! सीटचे तोंड झाले, हँडलची शिंगे झाली. बघणाऱ्याला बैलाचे डोके दिसू लागले.

आपल्या मुंबईत अर्झान खंबाटा नावाचे शिल्पकार आहेत. ते भंगार लोखंडातून शिल्पे करतात. ‘विक्रांत’ ही आपली जुनी युद्धनौका १९७१ च्या लढाईत कामी आली होती. २०१४ साली ती मोडायला घेतली. तिच्याच धातूतून खंबाटांनी तिचे स्मारक घडवले. ते २०१६ च्या जानेवारीत मुंबईत उभे राहिले. त्याच वर्षी बजाज कंपनीने विक्रांतचा धातू वापरून एक मोटारसायकल काढली. जहाजाची गाडी झाली. मग गाडीचा बैल का होणार नाही?

बैल तर आपल्या ओळखीचा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढतात, तसा हा लोखंडी बैल. चेनचे दातेरी चाक अर्धे कापले की वशिंड झाले. हँडलची शिंगे, किकचे पाय, नटांचे खूर, साखळीची शेपटी. डोळ्याला बेअरिंगची गोळी.

जोडायचे कसे?

वखराची पास जोडणारा वेल्डिंगवाला महागावात सगळ्यांना माहीत आहे. त्याचेच हे काम. विजेची ठिणगी कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये पेटते. लोखंड सुमारे १५०० अंशांवर वितळते. ठिणगी त्याहून किती तरी गरम असते. दोन्ही कडा वितळतात, कांडीही वितळते. थंड झाले की सगळे एकजीव होते.

पण सगळे भाग असे जुळत नाहीत. म्हणून लोहचुंबक लावून बघा. साखळी, दातेरी चाक, किक यांना तो चिकटतो. पिस्टन, इंजिनाचे कवच बहुधा ॲल्युमिनियमचे असते. त्याला तो चिकटत नाही. ते भाग लोखंडाच्या कांडीने जुळत नाहीत. बाजूला ठेवा.

निवडलेले भाग सोड्याच्या गरम पाण्यात धुवा. वंगण जाऊ द्या. पूर्ण वाळवा. जमिनीवर खडूने बैल काढा आणि त्यावर तुकडे मांडा. आधी बारीक टाके मारा. बैल चार पायांवर उभा राहतो का, ते बघा. मगच पक्का जोड द्या. शेवटी घासून तांबडा रंग लावा, म्हणजे गंज धरणार नाही.

हे विसरू नका

पेट्रोलच्या टाकीला कधीही वेल्डिंग करू नका. टाकी रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. पेट्रोल संपले तरी त्याची वाफ आत राहते. वाफ आणि हवा यांना ठिणगी लागली की टाकी बॉम्बसारखी फुटते. माणूस जागच्या जागी जातो. बैलाच्या पोटाला टाकी छान शोभेल, असे कोणी म्हणेल. त्याचे ऐकू नका. पोट सळयांचे करा, त्यावर साखळी गुंडाळा. शॉकअपही तापवू नका. त्याच्या बंद नळीत तेल असते. तीही फुटते.

चकचकीत मुलाम्याचा धूर विषारी असतो. जोडाच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढा. तेव्हा तोंडाला चांगला मास्क लावा. काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने करा. ब्रेकचे जुने अस्तर घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते.

वेल्डिंगची काच तोंडापुढे धरा. साधा काळा चष्मा चालत नाही. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. झोप लागत नाही. पोरं गंमत म्हणून बघत उभी राहतात. त्यांना आधी हाकला, मग कांडी टेकवा.

माल भंगारवाल्याकडून पावती घेऊन घ्या. घरचीच गाडी मोडायची असेल, तर आधी आरटीओत तिची नोंदणी रद्द करा.

काट्यावरच्या तुकड्यांत बैल दिसला, तर तुमची नजर कारागिराची आहे. पण डोळे शाबूत, तरच नजर. म्हणून आधी काच, मग काम.