कागदात गुंडाळलेली कॅबर्ने

रत्नागिरीत आंबा तोंडात घालण्याआधी त्याचा पत्ता विचारतात. पावसचा की गणेशगुळ्याचा, कातळावरच्या बागेतला की खाडीकाठचा, हे कळल्याशिवाय फोडीला हात लागत नाही. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हेही आले. पण चौकशी थांबली नाही. उलट कर्नाटकातल्या आंब्याच्या पेट्यांवर 'रत्नागिरी' छापून येऊ लागल्यापासून ती वाढलीच. नावाला किती किंमत असते हे ज्या गावाला इतकं नीट ठाऊक आहे, त्या गावात नाव झाकून चाखण्याचा खेळ रुजायला हरकत नव्हती. आंब्यावर मात्र तो खेळू नये, मैत्री तुटते. वाइनवर खेळावा, कारण वाइनमध्ये आपल्यापैकी कुणाचंच घराणं अडकलेलं नसतं.

आमचा कंपू हौशी आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन डॉक्टर, एक आंबा बागाईतदार, त्यांच्या बायका आणि मी. वाइनचं शास्त्र कुणीच शिकलेलं नाही. आम्ही निवडली लाल कॅबर्ने, आणि तीही आठशे ते दीड हजार रुपयांच्या दरम्यानची. चारशेच्या बाटलीकडून कुणाची अपेक्षा नसते आणि पाच हजारांच्या बाटलीसमोर तोंड उघडायची हिंमत नसते. मधल्या पट्ट्यात मात्र लेबल फार बोलतं. बाटलीवर कुणाची तरी सही असते, सोनेरी पदक चिकटवलेलं असतं, 'रिझर्व्ह' असा शब्द असतो. आपल्याकडे या शब्दाला कायद्याचा धाक नाही, कुणीही तो छापावा. त्यामुळे झाकून चाखायची खरी गरज याच पट्ट्याला आहे.

शिवाय या पट्ट्यातली किंमत वाइनबद्दल फारसं काही सांगत नाही. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला, तेव्हा तिथल्या पाच ते पंधरा डॉलरच्या बाटल्यांवर ते शंभर टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्यानं आणखी उतरायचं ठरलं. म्हणजे दीड हजाराला मिळणारी परदेशी कॅबर्ने तिच्या गावी किराणा दुकानातल्या खालच्या फळीवर असते. वरचे पैसे जहाजाचे, सरकारचे आणि वाटेतल्या सगळ्यांचे. उलट महाराष्ट्रानं 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली. तेव्हा दोन बाटल्यांवर एकच आकडा छापलेला असला, तरी आत ओतलेल्या पैशांत बराच फरक असू शकतो.

कॅबर्ने सोव्हिन्यॉन हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं. त्याचे आईबाप कोण, हे 1997 पर्यंत ठामपणे कुणालाच माहीत नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून सांगितलं, की कॅबर्ने फ्रां हे काळं द्राक्ष आणि सोव्हिन्यॉं ब्लां हे हिरवं द्राक्ष यांचा हा संकर आहे. कुणी मुद्दाम केलेला नव्हे, बागेत आपसूक झालेला. मणी बारीक, साल जाड, गराच्या मानानं बिया मोठ्या. त्या साली-बियांतून टॅनिन येतं. हिरव्या काजूच्या बोंडूचा चावा घेतल्यावर जीभ कशी आखडते, तसं ते तोंडात आखडतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंडाचा ओलावा गेल्यासारखं वाटतं. दुसरी खूण ढोबळी मिरचीच्या वासाची. तो पायराझिन गटातल्या एका रसायनाचा असतो आणि एका लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळतो. द्राक्ष उन्हात नीट पिकलं की तो कमी होतो. तेव्हा ग्लासातून मिरची फार जोरात आली, तर द्राक्ष घाईनं तोडलं असावं असा संशय घ्यायला जागा आहे.

कोकणात द्राक्ष होत नाही; एवढ्या पावसात वेलीला बुरशीच खाऊन टाकेल. घाटावर ते कसं होतं, ते मात्र बघण्यासारखं आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. नाशिकच्या हवेत ती झोपतच नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पावसाळ्यातली फूट फक्त काडी तयार करण्यासाठी वापरायची आणि फळ हिवाळ्यावर ढकलायचं. त्यामुळे फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडलं जाणारं द्राक्ष आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये, कोकणात मोहोराला फळ धरत असताना उतरतं. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, हा नाशिकचा मोठा आधार.

महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची सुरुवात नाशिकला झाली असं अनेकांना वाटतं, पण 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी 'इंडेज' उभी केली होती, आणि तिथली फसफसणारी 'ओमर खय्याम' परदेशातही जात होती. नाशिकचं युग राजीव सामंत यांच्या 'सुला'नं आणलं. त्यांची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली. मग आजूबाजूला आणि पुढे अकलूजपर्यंत वायनऱ्या झाल्या. आज कॅबर्ने शोधायला निघालं तर सुला, यॉर्क, व्हॅलोने, अकलूजची फ्रातेली, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समधली ग्रोव्हर अशी नावं समोर येतात. यांतल्या बऱ्याच बाटल्यांत निव्वळ कॅबर्ने नसते, शिराझ मिसळलेली असते. शिराझ आपल्या उन्हाला लवकर जमते आणि कॅबर्नेचा ताठरपणा थोडा मऊ करते. चाखायला बसताना निव्वळ आणि मिश्र अशा दोन्ही ठेवाव्यात. कुठली कोणती हे ओळखण्यात अर्धी मजा आहे.

एक कोरडी पण आवश्यक गोष्ट. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय किमान 21 लागतं, आणि कायद्यानं परवानाही. एक दिवसाचा परवाना मिळतो. हे सांगितलं की मंडळी हसतात. हसावं आणि परवाना काढावा.

आता झाकायचं कसं? जुन्या वर्तमानपत्रात बाटली गुंडाळायची, मानेपर्यंत, आणि रबर लावायचं. गळ्यावरचा रंगीत पत्रा आधीच पूर्ण काढून टाकायचा, नाहीतर तो चुगली करतो. काही बाटल्यांना बूच असतं आणि काहींना फिरकीचं झाकण, तेही दिसता कामा नये. गुंडाळणाऱ्यानं बाटल्या ठेवून खोलीबाहेर जायचं. मग दुसऱ्यानं येऊन कागदावर आकडे टाकायचे आणि ओतायला बसायचं. म्हणजे ओतणाऱ्यालाही काही माहीत नसतं, आणि त्याच्या भुवयांवरून कुणाला अंदाज बांधता येत नाही. आमच्याकडे ओतायचं काम डॉक्टरीणबाईंकडे असतं, कारण पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवायची त्यांना सवय आहे. ग्लास सगळे सारखे आणि काचेचे. स्टीलचे पेले नकोत, रंगच दिसत नाही. चाखून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. ही अट सगळ्यांत अवघड. आपल्याकडे गप्प बसून पिणं हा आजारपणाचा प्रकार समजतात. पण पहिल्यानं 'करवंद' म्हटलं की उरलेल्यांच्या ग्लासात करवंद उगवतंच.

गुण देण्यापेक्षा क्रम लावावा. शंभरपैकी ब्याऐंशी की पंच्याऐंशी, हा वाद पोकळ आहे. ही त्या दुसरीपेक्षा बरी की वाईट, एवढं मात्र माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो. शेवटी सगळ्यांचे क्रमांक बेरजेला घ्यायचे, ज्या बाटलीची बेरीज सर्वांत कमी ती पहिली.

आणि एक डाव राखून ठेवावा: एकच वाइन दोन वेगवेगळ्या आकड्यांखाली ओतायची. ही कल्पना माझी नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक छोटी वायनरी चालवत. आपल्या वाइनला एका स्पर्धेत पदक आणि दुसरीत काहीच नाही, हे कोडं त्यांना सुटेना. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांना त्यांनी काही वर्षं एकाच बाटलीतली वाइन तीनदा, इतर वाइनच्या ग्लासांमध्ये लपवून, दिली. 2008 मध्ये त्यांनी निकाल छापला. एकाच वाइनला तिन्ही वेळा जवळपास सारखा दर्जा देणारा परीक्षक दहात एखादाच निघाला. हे मुरलेले परीक्षक होते. आमच्या कंपूत जेव्हा जुळी वाइन घुसवली, तेव्हा एकाच वाइनला काकांनी वरचा क्रमांकही दिला आणि तळाचाही. बागाईतदार मात्र दुसऱ्या घोटाला म्हणाला, "मेल्या, ही मघाचीच आहे." आंबा हुंगून पेटीतला कुठला आधी पिकेल हे सांगणारं नाक फुकट जात नाही, एवढं खरं.

योगायोगानं बरोबर आलं की खरंच ओळखलं, हे तपासायचं असेल तर तीन ग्लास ठेवा, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास शोधायला सांगा. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येईल, म्हणून एकदा जिंकलेल्यानं मिशीला पीळ देऊ नये. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या बाईंनी कपात दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा दावा केला होता. त्यावरून रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांचा प्रयोग मांडला, चार असे आणि चार तसे. नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. आधुनिक संख्याशास्त्रातला एक मोठा विचार चहाच्या कपातून निघाला, हे मला अजूनही फार आवडतं.

आमच्या गटात सगळ्यांत जास्त खळबळ होते ती किमतीच्या रकान्यावर. क्रम लावल्यावर प्रत्येकानं अंदाजे किंमत लिहायची. आवडलेली बाटली महागच असणार असं धरून लोक लिहितात, आणि कागद फाडला की अनेकदा उलटं निघतं. यावर एक नेमका प्रयोग झाला आहे, आणि तोही कॅबर्नेवरच. हिल्के प्लासमन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये छापलेल्या या अभ्यासात वीस जणांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीतून वाइन दिली. पाच वेगवेगळ्या वाइन आहेत असं सांगितलं, प्रत्यक्षात होत्या तीन. पाच डॉलरची वाइन एकदा पाच डॉलरची म्हणून आणि एकदा पंचेचाळीसची म्हणून दिली, नव्वदची वाइन एकदा दहाची म्हणून. किंमत वाढवून सांगितली की लोकांना ती जास्त आवडली. ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. सुखाशी जोडलेला मेंदूचा भागही जास्त उजळला. म्हणजे महाग म्हणून आवडलं असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर तशीच चव लागलेली असते. मला या प्रयोगामुळे झाकून चाखण्याबद्दल थोडं वाईटही वाटू लागलं आहे. आपण त्याचं सुख हिरावून घेतो.

पॅरिसला 24 मे 1976 रोजी ते हिरावलं गेलं होतं. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच जाणकारांसमोर कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइन झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये बोर्दोच्या नामवंतांना मागे टाकून 'स्टॅग्ज लीप'ची 1973 ची कॅबर्ने पहिली आली, आणि तिच्या वेली तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या होत्या. एका परीक्षकानं कॅलिफोर्नियाची पांढरी वाइन पिऊन आता कुठे फ्रान्समध्ये परतलो असा उद्गार काढला होता. अशा वाइन जुन्या झाल्या की टिकणार नाहीत, असं फ्रेंच म्हणाले. म्हणून 2006 मध्ये त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या, तेव्हाही कॅलिफोर्नियाचीच 'रिज मॉन्टे बेलो' 1971 पहिली आली.

रत्नागिरीत हे करताना हवेकडे लक्ष द्यावं लागतं. पुस्तकांत लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. आपल्या एप्रिल-मेच्या खोलीत कॅबर्ने अल्कोहोलचा भपका मारते. बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच काढावी, आणि सगळ्या बाटल्या एकाच वेळी, नाहीतर गार असलेलीच जिंकते. दुकानात उन्हाच्या काचेजवळ उभी ठेवलेली बाटली घेऊ नये. तिच्यातलं फळ शिजून गेलेलं असतं आणि दोष बिचाऱ्या वायनरीला लागतो.

राहिलं जेवण. चाखताना साधे पाव किंवा बिनमिठाचे शेंगदाणे, एवढंच. नंतर जेवायला बसल्यावर मात्र बांगड्याचा मोह आवरावा. लाल वाइन आणि मासळी तोंडात एकत्र आली की लोखंड चाटल्यासारखी चव येते. तिचं कारण जपानमधल्या मर्सियन कंपनीच्या संशोधकांनी 2009 मध्ये शोधून काढलं. वाइनमध्ये लोह जास्त असलं की सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर तो उग्र वास येतो, आणि लोहाला बांधून टाकणारा पदार्थ घातला की कमी होतो. लाल वाइनमध्ये लोह बहुधा जास्त असतं. आमच्याकडे कॅबर्नेच्या रात्री कोंबडी-वडे असतात, शाकाहाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ. वाटपातलं खोबरं टॅनिनची धार बोथट करतं. उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. शेवटच्या क्रमांकाची बाटली काका घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी फोन करून ती सुधारल्याचं सांगतात.