कळपावाचून हत्ती

कोल्हापुरात मंगळवार पेठेत साठमारीचे मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळी तेथे चवताळलेल्या हत्तीस हुलकावण्या देण्याचा मर्दानी खेळ चाले. प्रेक्षकांची दाटी होई. परंतु त्या गर्दीत हत्ती मात्र एकटाच असे. माणसाच्या सहवासात हत्तीच्या वाट्यास जे काही आले, त्यात हे एकटेपणच त्याच्या स्वभावास सर्वांत विपरीत होय.

हत्तीचा कळप म्हणजे एक मातृप्रधान कुटुंब असते. वडीलधारी हत्तीण पुढे चालते. पाणी कोठे, धोका कोठे, हे तिच्या स्मरणात असते. सुमारे २२ महिन्यांच्या गर्भवासानंतर जन्मलेल्या पिलास आईप्रमाणेच मावश्या व थोरल्या बहिणीही सांभाळतात. माणसाच्या कानास ऐकू न येणाऱ्या खर्जातील हुंकारांनी ही जनावरे दुरूनही एकमेकांशी बोलतात. नर वयात आला म्हणजे कळपाबाहेर पडतो खरा. तथापि तोही थोरल्या नरांच्या संगतीत रीतभात शिकतो.

ही संगत तुटली तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेतील पिलान्सबर्ग अभयारण्यात दिसून आले. थोरल्यांना ठार केल्यावर उरलेली पोरकी पिले तेथे आणून सोडली होती. त्यांतील नर अकाली माजावर येऊ लागले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी ४० हून अधिक गेंडे मारले. १९९८ साली सहा प्रौढ नर तेथे आणताच हा उत्पात थांबला.

आपल्याकडे धरणे, रस्ते व शेते यांनी कर्नाटकातील रानवाटा तोडल्या. २००२ साली तेथून हत्ती दोडामार्ग भागात उतरले आणि पुढे चंदगड-आजऱ्याच्या उसापर्यंत पोहोचले. ऊस व भात यांची गोडी एकदा लागली की फटाक्यांनी हाकललेला हत्ती दिवसा झाडीत दडतो आणि रात्री पिकात शिरतो. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत एका रात्रीत मातीस मिळते. कर्नाटकातील अभ्यासकांनी २०१९ साली असे दाखविले की, शेतीलगत वावरणारे तरुण नर जिवाच्या रक्षणासाठी आपसांत टोळ्या करून राहू लागले आहेत. रानाने शिकविलेली रीत माणसाच्या धाकाने अशी पालटते.

पाळीव हत्तीची कथा निराळी नाही. साखळदंडात तासन् तास डोलणारा हत्ती पाहून लोक त्यास आनंदी समजतात. वस्तुतः ते डोलणे कोंडलेल्या मनाचे लक्षण होय. जोतिबा देवस्थानास २००७ साली अर्पण झालेला सुंदर हत्ती न्यायालयाच्या आज्ञेने २०१४ साली बन्नेरघट्ट्यास इतर हत्तींत नेण्यात आला. नांदणीच्या जैन मठात १९९२ पासून असलेली महादेवी हत्तीण जुलै २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, जामनगरास गेली. गावाने तिला साश्रू निरोप दिला. ती परत यावी म्हणून ऑगस्टमध्ये हजारो लोक कोल्हापूरपर्यंत पायी चालले.

त्या अश्रूंच्या खरेपणाविषयी कोणी शंका घेऊ नये. परंतु रानात हत्तीण जन्मभर आपल्या आई-बहिणींचा कळप सोडीत नाही, हेही तितकेच खरे. माणसाची माया कितीही उदार असली तरी खर्जातील त्या हुंकारास ती उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर दुसऱ्या हत्तीकडूनच यावे लागते.