संगणकाचा पंचनामा

पालकांपैकी पुष्कळांना १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवत असेल. त्या दिवशी देशातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनने लिहिलेले बोर्डिंग पास आले आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे निळ्या पडद्यांच्या छायाचित्रांनी भरून गेली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. चूक लक्षात येऊन १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक निकामी झाले.

"संगणक बंद पडला" असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता अशा वेळी तो बंद पडत नाही, तो स्वतःला थांबवतो. आणि थांबण्यापूर्वी त्या क्षणी काय चालले होते ते लिहून ठेवतो. ते लिखाण कसले असते आणि ते कसे वाचतात, हे या अंकात सांगण्याचे ठरवले, त्याला आमच्या संगणक कक्षात घडलेली एक गोष्ट कारण आहे. ती पुढे येईलच.

संगणकात दोन तऱ्हेचे प्रोग्राम चालतात. तुम्ही ज्यात निबंध टाइप करता किंवा चित्र काढता, ते एका तऱ्हेचे. त्यातला एखादा चुकला तर त्याला उचलून बाजूला ठेवणारा, मेमरी, डिस्क, पडदा, कीबोर्ड या सर्वांची वाटणी करणारा जो मूळ प्रोग्राम, तो दुसऱ्या तऱ्हेचा. त्याला कर्नेल म्हणतात. बेळगावात राहणाऱ्यांना मराठा लाइट इन्फंट्रीमुळे कर्नल हा शब्द पाठ आहे, पण त्या कर्नलसाहेबांचा आणि या कर्नेलचा संबंध नाही. कर्नेल म्हणजे बीच्या आतला गर, गाभा.

आता हा गाभाच चुकला तर त्याला बाजूला कोण ठेवणार? वर कोणी नाही. म्हणून त्याला स्वतःच थांबावे लागते. शहापूर, वडगाव, खासबागच्या मुलांना हे सांगायला नको. मागावर बाण्याचा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो. तो बिघडलेला नसतो. पुढचे कापड खराब होऊ नये म्हणून थांबलेला असतो. कर्नेलचेही तसेच. लिनक्सच्या पडद्यावर अशा वेळी "कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग" असे शब्द येतात. त्यातल्या 'नॉट सिंकिंग'चा अर्थ असा, की डिस्कवर उतरवायची राहिलेली माहिती मी आता उतरवणार नाही, कारण माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही. चुकीचे लिहिण्यापेक्षा न लिहिलेले बरे, हा तो विचार.

मग पडद्यावर जे आकडे येतात त्यांचे दोन भाग असतात.

पहिला भाग रजिस्टरांचा. हजेरीचे रजिस्टर नव्हे. प्रोसेसरच्या पोटात अगदी थोडे आकडे हाताशी धरण्यासाठी कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. बेरीज करताना आपण 'हातचा एक' धरतो, तसा हा प्रोसेसरचा हातचा. आज सर्वत्र दिसणाऱ्या ६४ बिटांच्या प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाचे असे १६ कप्पे असतात. शिवाय एक विशेष कप्पा असतो. सध्या कोणती आज्ञा चालू आहे तिचा पत्ता त्यात असतो. आणखी एका कप्प्यात, मेमरीतल्या ज्या जागी हात घातला आणि चटका बसला, त्या जागेचा पत्ता राहतो. कोणती आज्ञा चालू होती आणि तिने कुठे हात घातला, या दोनच गोष्टी कळल्या तरी निम्मा तपास झाला.

दुसरा भाग स्टॅकचा. स्टॅक म्हणजे चळत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे आम्ही हे स्टॅक या नावानेच शिकलो. मराठीत इतका नेमका घरगुती शब्द तयार आहे याचे आम्हाला आजही कौतुक वाटते. अक्षर दासोहच्या ताटांची चळत डोळ्यांसमोर आणा. शेवटी ठेवलेले ताट पहिल्यांदा उचलले जाते. प्रोग्राममध्येही एक काम दुसऱ्या कामाला बोलावते, दुसरे तिसऱ्याला, आणि दर वेळी "काम झाले की परत कुठे यायचे" याची चिठ्ठी चळतीवर ठेवली जाते. समजा, वर्गशिक्षकांनी एका मुलाला कार्यालयात पाठवले, कारकुनांनी त्याला भांडारात पाठवले, आणि भांडारात तो पाय घसरून पडला. त्याच्या हातातल्या चिठ्ठ्या वरून खाली वाचल्या तर तो कोठून कोठे आला हे त्याला न विचारता कळते. स्टॅकची छपाई ती हीच. लिनक्समध्ये तिच्या माथ्यावर "कॉल ट्रेस" असे लिहिलेले असते. सर्वांत वरचे नाव सर्वांत शेवटच्या कामाचे, म्हणून ती खालून वर वाचली की घटनाक्रम सरळ लागतो.

या यादीत काही नावांच्या आधी प्रश्नचिन्ह असते. हा पत्ता चळतीत सापडला खरा, पण तो या वेळच्या मार्गावरचाच आहे याची खात्री नाही, असे कर्नेल त्यातून सांगते. साक्ष कोणती प्रत्यक्ष आणि कोणती ऐकीव, हे मरता मरता वेगळे सांगणारा साक्षीदार विरळाच! त्याच कागदावर, त्या वेळी कोणकोणते जादा भाग कर्नेलला जोडलेले होते त्यांचीही यादी असते. पोलीस पंचनाम्यात "घटनास्थळी हजर" म्हणून नावे लिहितात तशी.

पूर्वी हे वाचणे फार कष्टाचे होते. लिनक्सची २.६ ही मालिका डिसेंबर २००३ मध्ये येण्यापूर्वी पडद्यावर कामांची नावे उमटत नसत, फक्त पत्त्यांचे आकडे येत. ते कागदावर हाताने उतरवून घ्यायचे आणि कोणता पत्ता कोणत्या कामाचा हे दुसऱ्या एका प्रोग्रामकडून शोधून घ्यायचे. एक आकडा चुकला की सगळेच चुकले. त्यात पडदा २५ ओळींचा. मजकूर लांबला की महत्त्वाचा वरचा भाग निघून जाई. म्हणून जाणते लोक दुसरा संगणक केबलने जोडून ठेवत आणि पहिल्याचे शेवटचे बोल दुसऱ्यावर उतरवून घेत. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत 'केडम्प' आले. त्यात मेमरीचा थोडा भाग आधीच राखून तिथे दुसरे कर्नेल तयार ठेवतात. पहिले कोसळले की दुसरे उठते आणि पहिल्याच्या मेमरीची नक्कल जपून ठेवते. या कामात आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता.

इथे पुण्याचीही एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती मराठी मुलांना सहसा कोणी सांगत नाही. कोसळल्यावर पंचनामा करण्याऐवजी चालत्या कर्नेललाच मध्ये थांबवून त्याची रजिस्टरे आणि चळत बघता आली तर? त्यासाठी 'केजीडीबी' नावाचे साधन आहे. एका संगणकावर कर्नेल चालते, केबलने जोडलेल्या दुसऱ्यावर अभियंता बसून त्याची नाडी बघतो. आज लिनक्समध्ये या साधनाची जी मुख्य फाइल आहे, तिच्या माथ्यावर हक्कदारांची नावे क्रमाने आहेत. त्यांत २००३–२००४ साठी अमित एस. काळे यांचे नाव आहे आणि २००४–२००६ साठी पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे. जगातील प्रत्येक लिनक्सच्या मूळ संहितेत ही दोन नावे जातात.

पण हे साधन मुख्य लिनक्समध्ये शिरायला फार वर्षे लागली. लिनक्सचे जनक लायनस टॉर्वाल्ड्स यांनी २००० सालीच अशा साधनांना स्पष्ट नकार दिला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की साधन हाती आले की माणूस लक्षणावर मलमपट्टी करतो; ते नसले तर संहिता वाचून मूळ कारणाचा विचार करावा लागतो. शिक्षक म्हणून आम्हाला यात तथ्य वाटते. गाइड हाती आले की मुले धडा वाचत नाहीत, हे आम्ही रोज बघतो. तरीही डॉक्टरांनी स्टेथोस्कोप वापरू नये असे कोणी म्हणत नाही. पुढे इतरांनी ते साधन आटोपशीर केले आणि जुलै २००८ च्या २.६.२६ या आवृत्तीत ते एकदाचे आत आले. तोवर काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बाहेरून जोडण्याजोगे वर्षानुवर्षे जिवंत ठेवले होते. आमच्या मते या कामाचे खरे मोल त्या वर्षांत आहे.

आता पुन्हा त्या शुक्रवारकडे. मायक्रोसॉफ्टने कोसळलेल्या संगणकांचे असेच अहवाल उघडून पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या भागातील एक आज्ञा 'आर-८' या रजिस्टरात असलेल्या पत्त्यावरून आकडा आणायला गेली होती आणि तो पत्ता वैध नव्हता. चळत त्याच कंपनीकडे बोट दाखवत होती. नंतर कंपनीने स्वतः सविस्तर खुलासा केला. नव्या नियमात २१ रकाने अपेक्षित होते, प्रोग्रामजवळ २० च होते. एकविसावा वाचायला गेला आणि हद्दीबाहेर पडला. प्रश्नपत्रिकेत २१ प्रश्न आणि उत्तरपत्रिकेत २० च जागा, एवढीच चूक.

आणि आता आमच्या कक्षातील गोष्ट. खिडकीजवळचे सात नंबरचे यंत्र आठवड्यातून दोन-तीनदा अडकू लागले. पाहायला आलेल्या दुरुस्तीवाल्याने "मुलांनी पेन ड्राइव्ह लावून बिघडवले, नवे घ्या" असा शेरा मारला. नववीतल्या एका मुलाचे नाव चर्चेत आले. त्याचे वडील माग चालवतात. भरपाई किती द्यावी लागेल हे विचारायला ते कार्यालयात येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना म्हटले, "बसा, आधी यंत्र काय म्हणते ते बघू."

कर्नेल दर वेळी पूर्ण थांबतेच असे नाही. चूक लहान असेल तर ते ती नोंदवून, त्या वेळचे काम तेवढे मारून, लंगडत पुढे जाते. अशा नोंदी डिस्कवर राहतात. आमच्या संगणक शिक्षकांनी तीन आठवड्यांच्या पाच नोंदी काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. एखाद्या सदोष प्रोग्रामचा दोष असता तर पाचही चळती सारख्या दिसल्या असत्या. इथे एक फाइल वाचताना, एक नेटवर्कच्या कामात, तर एक चक्क शाळा भरण्यापूर्वी, कोणी बसलेले नसताना. पाचही ठिकाणे वेगळी आणि पत्ते निरर्थक. अशा वेळी संशय मेमरीवर जातो. यंत्र सुरू होतानाच्या यादीत मेमरी तपासणारा 'मेमटेस्ट' नावाचा प्रोग्राम होता. तो रात्रभर चालवला. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला होता, आणि सगळ्या चुका मेमरीच्या एकाच पट्टीतल्या होत्या. पट्टी बदलली. खर्च नव्या यंत्राच्या मानाने किरकोळ झाला. त्या मुलाच्या वडिलांना बोलावून पाचही कागद दाखवले आणि विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या इतिवृत्तात विद्यार्थ्याचा संबंध नसल्याची नोंद घेतली.

नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीपासून लिनक्सला हा मजकूर पडद्यावर क्यूआर कोडच्या चौकटीतही दाखवता येतो. मोबाइल समोर धरला की झाले. आमच्या कक्षातील यंत्रांवर ती सोय अजून नाही. म्हणून दाराजवळ दोरीने एक वही टांगली आहे. पडदा अडकला तर बटण दाबण्यापूर्वी तारीख, वेळ, यंत्राचा नंबर आणि वरच्या पहिल्या पाच ओळी तिच्यात उतरवाव्यात. कोणी बसले होते त्याचे नाव लिहिण्याचा रकाना त्या वहीत ठेवलेला नाही.