टेप पेनड्राइव्ह घेत नाही

पंढरपुरात महाद्वारापासून प्रदक्षिणा मार्गापर्यंतच्या दुकानांत टाळ, तुळशीमाळा, बुक्का आणि चुरमुऱ्यांच्या शेजारी एकेकाळी अभंगांच्या कॅसेटी रचलेल्या असत. मग एमपीथ्रीच्या सीड्या आल्या आणि त्यानंतर पेनड्राइव्ह. मोबाइलच्या दुकानावर ‘गाणी भरून मिळतील’ ही पाटी लागली. कॅसेटच्या काळात दुकानदार ती टेपमध्ये घालून थोडी वाजवून दाखवी. पेनड्राइव्हही तो लावून दाखवतो, पण स्वतःच्या संगणकावर. यात्रेच्या गर्दीत गाडी दुकानापर्यंत येत नाही. जीपा आणि ट्रॅव्हल्स गावाबाहेरच्या तळावर थांबलेल्या. त्यामुळे खरी परीक्षा होते ती मोहोळच्या नाहीतर टेंभुर्णीच्या रस्त्याला लागल्यावर. गाडीतल्या टेपच्या पडद्यावर ‘नो फाइल’ उमटतं आणि ड्रायव्हर निकाल देतो, “माऊली, टेप पेनड्राइव्ह घेत नाही.”

दिवाळीच्या पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी एकादशी येते, तेव्हा हा निकाल पुन्हा अनेकांच्या कानी पडतो. माझ्या मते अशा वेळी बहुधा बिघाड कशातच नसतो. टेप ज्या वर्षी बनली त्या वर्षी तिला जेवढं शिकवलं तेवढंच तिला येतं. फोन स्वतःला सुधारून घेत राहतो; जुन्या बोलेरोतली टेप मात्र दहा वर्षांपूर्वीच्याच ज्ञानावर चालते. अभंग आजच्या फोनमधून येतो आणि वाजवणारं यंत्र कालचं असतं.

पहिली अडचण गाण्याची नसून पेनड्राइव्हचीच असते. त्यावर माहिती मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या. फॅट३२ ही १९९६ च्या सुमाराची, जवळजवळ प्रत्येक टेपला कळणारी. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली, पण ती वापरायला परवाना लागे. तिचा तपशील कंपनीने खुला केला तो २०१९ मध्ये. स्वस्त टेप बनवणाऱ्यांनी तो खर्च कशाला करावा? आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह किंवा चिप कोरी घेतली तर ती बहुधा एक्सफॅटमध्येच येते. संगणकाला दोन्ही सारख्याच, म्हणून दुकानात वाजतं आणि गाडीत वाजत नाही. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करणं, अर्थात आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून, कारण फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय देत नसे, म्हणून लहान पेनड्राइव्ह घेणं सोपं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. १६ जीबीत अडीचशे तासांहून अधिक भजन मावतं. एवढं ऐकायला दहा दिवस न झोपता गाडी चालवावी लागेल!

दुसरी अडचण फाइलच्या जातीची. एमपीथ्री जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधनातून आकाराला आलं. फाइलच्या नावापुढे ‘.mp3’ लावायचं असं तिथे १४ जुलै १९९५ रोजी ठरलं. जुनी टेप हेच ओळखते. पण फडावर कीर्तन ऐकताना फोनवर जे रेकॉर्ड होतं ते पुष्कळदा एम४ए असतं, आणि व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप ओपस या २०१२ साली प्रमाण ठरलेल्या पद्धतीत. मग कुणीतरी हुशारीने नावापुढचं शेपूट बदलून एमपी३ करतं. तेलाच्या डब्यावर तुपाची चिठ्ठी लावून फोडणी तुपाची होत नाही. फाइल खरोखर बदलून घ्यावी लागते. ऑडॅसिटी किंवा व्हीएलसी हे काम फुकट करतात.

बदलताना १२८ केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, आणि त्याचं कारण टाळ. आपल्या कानाला एरवी जाणवणार नाही असा भाग गाळून एमपीथ्री जागा वाचवतं. मृदंगाची थाप आणि माणसाचा गळा ते बऱ्यापैकी सांभाळतं. टाळाचा झंकार मात्र वरच्या पट्टीत पसरलेला आणि क्षणात उमटणारा. ६४ केबीपीएसला तो पाण्यात बुडाल्यासारखा घुसमटतो. भीमसेन जोशींची अभंगवाणी कमी आकारात तरून जाईल, पन्नास टाळकऱ्यांचा हरिपाठ नाही जाणार. १९२ ठेवावं. मूळच ६४ चं असेल तर ३२० करून काही परत येत नाही, फक्त जागा जाते.

सगळं वाजू लागलं तरी क्रम बिघडतो, आणि वारकऱ्याला हे सर्वांत जास्त खटकतं. भजनाला मांडणी असते: मंगलाचरण, रूपाचे अभंग, हरिपाठ, आणि शेवट पसायदानाने. गाडीत मात्र पसायदान आधी लागतं. संगणक फाइली नावाच्या क्रमाने दाखवतो. अनेक टेपा त्या ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. सगळ्या फाइली निवडून शेवटचीला धरून ओढलं, तर कधी कधी शेवटचीच आधी लिहिली जाते. दुसऱ्या काही टेपा नावाप्रमाणे जातात, पण त्यांच्या लेखी १ नंतर १० येतो आणि २ मागे राहतो. नावाआधी तीन आकडी इंग्रजी अंक घालावेत, शून्यांसकट, आणि फाइली एकेक करून त्याच क्रमाने उतरवाव्यात. कंटाळा असेल तर ड्राइव्हसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्राम यादी लावून देतो. मॅकवरून भरलेल्या पेनड्राइव्हवर ठिपका आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली येतात. टेप त्यांना गाणं समजून अडते. पुण्या-मुंबईच्या पोरांनी भरून पाठवलेल्या पेनड्राइव्हवर आधी त्या पुसाव्यात.

पडद्यावर नावाच्या जागी चौकोन दिसले म्हणून फाइल खराब समजू नये. गाण्याच्या नावाची पहिली पद्धत, आयडी३, १९९६ ची. नावाला तीस बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन लागतात, म्हणजे ‘विठ्ठल’ लिहिताच अठरा संपले. नंतरच्या आवृत्त्यांत जागेचा प्रश्न उरला नाही, पण टेपमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसेल तर ती बिचारी काय दाखवणार? आवाज येतोय ना, मग पुढे जावं.

एक तक्रार मात्र अशी, जिथे दोष खरोखर मालात असतो. स्वस्तात मिळालेला एक टीबीचा पेनड्राइव्ह आतून आठ-सोळा जीबीचाच निघतो. संगणकाला तो खोटा आकडा सांगतो, फाइलींची नावं नीट दिसतात, सुरुवातीचे अभंग वाजतात, आणि पुढचे मध्येच तुटतात किंवा मुके राहतात, कारण ते कुठे लिहिलेच गेलेले नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम कोऱ्या पेनड्राइव्हवर शेवटपर्यंत माहिती लिहून ती परत वाचून बघतो आणि खरी जागा सांगतो. मोठ्या पेनड्राइव्हला त्याला काही तास लागतात. तेवढा वेळ यात्रेत कुणाकडे नसतो. म्हणून चाचणी घरी करावी आणि पंढरपुरात भरायला आपलाच पेनड्राइव्ह न्यावा.