ध्वनिमुद्रणाची वाटचाल : परतलेली तबकडी आणि पुन्हा जुळलेले बँड

एल.पी. या नावाने ओळखली जाणारी विनाइलची तबकडी कोलंबिया रेकॉर्ड्‌स या कंपनीने जून १९४८ मध्ये न्यूयॉर्कला लोकांपुढे आणली. व्यास बारा इंच, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असत आणि ती लाख मुख्यतः भारतातून जगभर जाई. लाखेची तबकडी जड आणि ठिसूळ, पडली की फुटलीच. तिच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. गोहरजानपासून पुढच्या दोन पिढ्यांतल्या गवयांनी तेवढ्या वेळात राग उभा करून दाखवला, पण तो राग आखडलेलाच होता. एल.पी.ने ही अडचण दूर केली. १९५५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तबकडीवर प्रत्येक बाजूला एकच राग होता. १९६० मध्ये उस्ताद अमीर खाँ यांच्या तबकडीच्या एका बाजूला मारवा आला आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित ख्यालाला लागणारा अवकाश रसिकाच्या घरात पोहोचू लागला तो असा.

पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीतात याच अवकाशातून ‘अल्बम’ हा प्रकार आकाराला आला. सुटी गाणी सात इंची, ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर निघत, ती आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली होती. साठच्या दशकात मात्र दहा-बारा गाण्यांचा क्रम, दोन बाजूंची विभागणी, पहिली बाजू कोणत्या गाण्याने संपवावी, दुसरी कोणत्या गाण्याने उघडावी, हा सगळा रचनेचाच भाग झाला. आज चाहते जुन्या बँडच्या अल्बमविषयी तासन्‌तास बोलतात, ते या क्रमासकट बोलतात.

हा क्रम केवळ कलावंताच्या मर्जीने ठरत नसे, त्यात तबकडीच्या अंगच्या मर्यादाही होत्या. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एकच सलग खाच असते आणि ध्वनीच्या लहरी त्या खाचेच्या दोन्ही भिंतींवर कोरलेल्या असतात. स्टिरिओ तबकडीत एक भिंत डाव्या बाजूचा आवाज धरते, दुसरी उजव्या बाजूचा. फेऱ्यांचा वेग कायम असला तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो. कडेला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, तर मधल्या लेबलाजवळ २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. तेवढ्याच लहरी आत कमी जागेत दाटीने बसवाव्या लागतात आणि तारसप्तकातले स्वर तिथे फाटू लागतात. म्हणून दणदणीत गाणे बाजूच्या सुरुवातीला ठेवायचे आणि शांत गाणे शेवटी, ही पद्धत पुष्कळ ठिकाणी पाळली गेली. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खाच इतकी रुंद होते की बाजूवर दहा मिनिटेही मावणार नाहीत. त्यामुळे कोरताना खर्ज घटवतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो पुन्हा वाढवतो. या घटवाढीचे प्रमाण १९५४ च्या सुमारास अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाने ठरवले आणि ते आजही तेच आहे. सत्तर वर्षांपूर्वीची तबकडी आजच्या यंत्रावर विनातक्रार वाजते, ती या शहाण्या निर्णयामुळे.

तबकडी घडवण्याची रीतही फारशी बदललेली नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ लेपाचा थर असतो, त्यावर कोरणीने खाच पाडली जाते. तिच्यावर चांदीचा फवारा मारून निकेलचा मुलामा चढवतात, तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो. पुढे या ठशांच्या जोडीमध्ये तापलेल्या विनाइलचा गोळा ठेवून प्रचंड दाबाखाली तो चेपतात. अर्ध्या मिनिटात तबकडी तयार होते. एक ठसा हजारभर प्रतींनंतर झिजू लागतो. या साखळीतली सर्वांत नाजूक कडी म्हणजे तो लेप दिलेली चकती. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत जळाला, तेव्हा अशा चकत्या बनवणारा जगात दुसरा एकच कारखाना उरला, तो जपानमध्ये. मागणी भरात येत असतानाच हा घाव बसला आणि त्यानंतर अनेक कंपन्यांना आपल्या तबकड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले.

तबकडीची पडझड दोन टप्प्यांत झाली. सत्तरच्या दशकात कॅसेट आली, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी बाजारात उतरली आणि दशक संपेपर्यंत मोठ्या कंपन्यांनी एल.पी.चे कारखाने मोडीत काढले. भारतात हा बदल सीडीपेक्षा कॅसेटने घडवला. स्वस्त कॅसेट खेड्यापाड्यांतल्या टपऱ्यांपर्यंत पोहोचली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथले तबकड्यांचे उत्पादन थांबले. घराघरांतले संग्रह रद्दीच्या भावाने गेले. मुंबईत चोरबाजारातल्या दुकानांत ते साचले आणि तिथूनच पुढच्या पिढीच्या संग्राहकांच्या हाती लागले. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यामार्फत जुन्या ध्वनिमुद्रिकांचे तपशील गोळा केले आणि नियतकालिकातून छापले. नाट्यसंगीत आणि ख्यालगायकीच्या इतिहासाची मोठी सामग्री त्यामुळे वाचली. या कामाचे मोल पुरेसे ओळखले गेलेले नाही.

पुनरुज्जीवनाची सुरुवात साधारण २००७-०८ ची धरता येते. अमेरिकेतल्या छोट्या, स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांनी एप्रिल २००८ मध्ये पहिला ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा केला. त्या एका दिवसासाठी मोजक्या प्रतींच्या खास तबकड्या निघू लागल्या आणि त्यांसाठी पहाटेपासून रांगा लागू लागल्या. त्याच २००८ मध्ये स्पॉटिफाय ही स्ट्रीमिंग सेवा युरोपात सुरू झाली. या दोन घटना एकत्र पाहिल्या तरच पुढचे चित्र नीट कळते. हवे ते गाणे कुठेही, जवळजवळ फुकट मिळू लागले, तेव्हा हातात धरता येणाऱ्या वस्तूची किंमत वाढली. मोठे आवरण, त्यावरचे चित्र, आतले छापील बोल आणि वीस मिनिटांनी उठून बाजू बदलण्याची सक्ती, हे सगळे ऐकणाऱ्याला एका जागी बसवते.

अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांचे उत्पन्न १९८६ नंतर पहिल्यांदा सीडीच्या पुढे गेले. २०२२ मध्ये प्रतींच्या संख्येतही तबकडी पुढे गेली, सीडी सुमारे ३.३ कोटी आणि तबकड्या ४.१ कोटी. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने महागाई मोजण्याच्या वस्तूंच्या यादीतून १९९२ मध्ये तबकडी काढून टाकली होती, मार्च २०२४ मध्ये ती परत घेतली. तरीही प्रमाण सुटू देऊ नये. १९७८ मध्ये एकट्या अमेरिकेत ३४ कोटींच्या वर एल.पी. गेल्या होत्या आणि आज तिथल्या ध्वनिमुद्रित संगीताच्या उत्पन्नाचे पाचातले चार हिस्से स्ट्रीमिंगचेच आहेत. ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार तिथे तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचे यंत्र होते. भारतात २०१६ मध्ये मुंबईच्या काळाघोड्याचे संगीताचे दुकान ‘ऱ्हिदम हाउस’ बंद झाले, तेव्हा एक पर्व संपल्यासारखे वाटले. पण माहीमच्या ‘रिव्हॉल्व्हर क्लब’सारख्या दुकानांभोवती नवे गिऱ्हाईक जमले आणि २०२४ मध्ये मुंबईत कित्येक दशकांनी पुन्हा तबकड्या चेपल्या जाऊ लागल्या.

तबकडीचा आवाज सीडीपेक्षा सरस असतो का, हा चाहत्यांमधला न मिटणारा वाद. मोजमापाच्या अंगाने सीडी वरचढ आहे. तिच्यात खरखर नाही आणि मंद-तीव्र आवाजांमधले अंतरही जास्त मावते. मात्र नव्वदच्या दशकात सीडीवरचे संगीत अधिकाधिक मोठ्या आवाजात बसवण्याची चढाओढ लागली आणि ते अंतर कंपन्यांनी स्वतःच पुसून टाकले. ओएसिस या बँडचा १९९५ चा ‘(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?’ हा अल्बम याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तबकडीची खाच तेवढा सलग दणका सोसत नाही. त्यामुळे तबकडीसाठी वेगळे, संयमाने केलेले मास्टरिंग असेल तर ती खरोखर अधिक सुखद वाटू शकते. तसे नसेल आणि सीडीचीच प्रत तबकडीवर उतरवलेली असेल, तर फरक फक्त किमतीचा. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या अनेक महागड्या तबकड्यांत मधला एक टप्पा डिजिटल असल्याचे उघड झाले. वर्षानुवर्षे त्याच तबकड्यांच्या ‘शुद्ध’ आवाजाचे गोडवे गाणारे चाहते संतापले. त्यांचा संताप रास्त होता, कारण प्रश्न ऐकू येण्याचा नसून खरे सांगण्याचा होता.

तबकडीसारखेच फुटलेले बँडही परतले आहेत आणि त्यांच्या पुनर्मीलनामागचे अर्थकारणही स्ट्रीमिंगशीच जोडलेले आहे. ध्वनिमुद्रणातून मिळणारे पैसे आटले, तसा कलावंतांचा भर कार्यक्रमांच्या तिकिटांवर आला. पण ही प्रथा त्याहून जुनी आहे. १९८० मध्ये फुटलेला ईगल्स १९९४ मध्ये परत आला, तेव्हा शंभर डॉलरच्या वरची तिकिटे चर्चेचा विषय झाली होती. सेक्स पिस्टल्सने १९९६ च्या आपल्या दौऱ्याला उघडपणे पैशाचेच नाव दिले. पोलिस या बँडने मार्च १९८० मध्ये मुंबईत कार्यक्रम केला होता. तो ऐकलेले श्रोते अजूनही त्याची आठवण काढतात. पुढे विखुरलेले या बँडचे तिघे २००७-०८ मध्ये जगभर फिरले, पण नवे गाणे एकही केले नाही. लेड झेपलिनने दुसरा मार्ग धरला. ढोलकिया जॉन बोनम १९८० मध्ये वारला, तेव्हा बँडने काम थांबवले. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये त्याचा मुलगा जेसन याला घेऊन उरलेल्या तिघांनी एकच कार्यक्रम केला. त्यासाठी सुमारे २ कोटी अर्ज आले, तरी दौरा झाला नाही. एका संध्याकाळपुरते एकत्र येऊन थांबण्याची ही समज फार थोड्यांनी दाखवली.

ओएसिसची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमाआधी गॅलाघर भावांचे भांडण झाले आणि नोएल बाहेर पडला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, दोघांनी एकत्र येण्याची घोषणा केली आणि ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफला पहिला कार्यक्रम झाला. तिकीटविक्रीच्या दिवशी मागणीनुसार दर चढवण्याच्या पद्धतीने सुमारे दीडशे पौंडांची तिकिटे साडेतीनशेच्या वर गेली. तासन्‌तास रांगेत राहिलेल्या चाहत्यांची ती सरळ लूट होती आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला चौकशी हाती घ्यावी लागली. घोषणेनंतर काही दिवसांतच १९९४ चा ‘डेफिनिटली मेबी’ हा पहिला अल्बम ब्रिटनच्या यादीत पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. त्याची तिसाव्या वर्षाची आवृत्ती तबकडीसह नुकतीच बाजारात आली होती. पुनर्मीलन आणि पुनर्प्रकाशन ही आता एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत.

बँड ‘खरा’ कधी म्हणायचा, यावर चाहत्यांत मतभेद असतात. नव्या ओएसिसमध्ये ढोलावर बसलेला जोई वॉरॉन्कर पूर्वी कधीच त्या बँडमध्ये नव्हता, पण दोघे भाऊ व्यासपीठावर असल्याने ते फारसे कुणाला खटकले नाही. मुंबईच्या रॉक मशीनचे उदाहरण अधिक शिकवणारे आहे. १९८४ मध्ये जुळलेल्या या बँडने १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतले आणि १९९७ मध्ये तो थांबला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया यांनी नवे साथीदार घेऊन तो पुन्हा उभा केला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा सर्वस्वी नव्या गाण्यांचा अल्बम काढला. जुन्या गाण्यांवर भागवणे त्यांना सोपे होते. ते त्यांनी टाळले, म्हणून ते पुनर्मीलन संगीताच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

हयात नसलेल्या सदस्यांचा प्रश्न बीटल्सच्या बाबतीत सर्वांत टोकाला गेला. जॉन लेननने न्यूयॉर्कच्या घरी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅसेटवर मुद्रित केलेल्या एका गाण्यातून त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढणे नव्वदच्या दशकात जमले नव्हते. संगणकाच्या नव्या तंत्राने ते जमले. जॉर्ज हॅरिसनने १९९५ मध्ये वाजवलेली गिटार, त्यावर पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार यांची नवी साथ, असे मिळून ‘नाउ अँड देन’ २ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते सात इंची तबकडीवरही निघाले, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला १९६२ चे ‘लव्ह मी डू’ हे बँडचे पहिले गाणे होते. काही चाहत्यांना हे पुनर्मीलन मान्य नाही, कारण लेननची संमती विचारणे शक्यच नव्हते. बाकीचे म्हणतात, आवाज त्याचाच आहे, यंत्राने बनवलेला नाही, आणि त्याच्या वारसांनीच ती कॅसेट मित्रांच्या हाती दिली होती.