मावळ्याच्या गाठोड्यात काय बांधावे?

दरवर्षी २ फेब्रुवारीला खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी, उंबरखिंडीच्या स्मारकापाशी माणसे जमतात. मावळ्यांचा वेष केलेली तरुण मुले असतात, ढोल असतात, भाषणे असतात. आजचा विषय त्यांच्यातल्या थोड्या अधिक हट्टी मंडळींसाठी आहे. ज्यांना वाटते की आपण वेष घातलाच आहे तर कुरवंड्याहून घाट उतरून पायी यावे, आणि पाठीवर जे असेल ते १६६१ सालचे असावे. सॅक नको, गाठोडे हवे. आता प्रश्न असा, की त्या गाठोड्यात बांधायचे काय?

प्रश्न साधा दिसतो. पण 'बरोबर' गाठोडे म्हणजे काय हे विचारायला लागलो की आपण थेट ज्ञानशास्त्रात जाऊन पडतो. म्हणून तर तत्त्वज्ञानाच्या माणसाला तुम्ही इथे उभे केलेत, असे आम्ही समजतो.

विलायतेत हा छंद जुना आहे. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश शिपाई उभा करायचा असेल तर काम सोपे असते. १९०८ सालच्या नमुन्याचे जाड सुती पट्ट्यांचे साहित्य, त्यातली पाठपिशवी, पाण्याची बाटली, काडतुसांचे कप्पे, कुठला पट्टा कुठल्या बकलातून जातो, सगळे छापील पुस्तिकांत आहे. बकल चुकले की चुकले. वाद संपला. मावळ्याच्या बाबतीत अशी पुस्तिका नाही. त्याचे गाठोडे सरकारने शिवून दिलेले नव्हते. ते घरून आले होते.

गंमत अशी की याद्या होत असत! सभासदाने बखर लिहिली ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात. तीत लष्कराची शिस्त सांगितली आहे. मोहिमेवर निघताना लहानथोर प्रत्येकाच्या मालमत्तेची नोंद करायची, परत आल्यावर झाडा घ्यायचा, आणि जास्तीचे निघेल त्याचा हिशेब सरकारात द्यायचा. म्हणजे शिपायाचे गाठोडे सोडून पाहणारे हे राज्य होते. पण पाहणाऱ्याला काळजी सोन्यानाण्याची, लुटीच्या कापडाची. भाकरी कशाची होती आणि घोंगडी किती हाताची होती, हा तपशील बखर देत नाही. तो सांगावा असे कोणाला वाटलेही नसेल.

आता उंबरखिंडीकडे येऊ, कारण ही लढाई मुळात ओझ्याची लढाई आहे. शाहिस्ताखान पुण्यात बसलेला. त्याने कारतलबखान उझबेकाला उत्तर कोकण घ्यायला पाठवले. बरोबर माहूरची रायबागन. खानाने बोरघाटाची रुळलेली वाट सोडली आणि लोहगडाच्या दक्षिणेने कुरवंड्याकडून खाली उतरायचे ठरवले. वर सह्याद्रीची धार, खाली अंबेचे खोरे, मधे पाच-सहाशे मीटरांचा उतार, आणि पायथ्याला दाट झाडीतली चिंचोळी वाट. फौज मोठी, सामान त्याहून मोठे. परमानंदाचे 'शिवभारत' हे काव्य शिवाजी महाराजांच्या हयातीतले. त्यात वारा नसलेल्या त्या रानात कोंडलेल्या, तहानेने कासावीस झालेल्या खानाचे वर्णन आहे. पुढून वाट बंद, मागून वाट बंद. शेवटी रायबागनने सल्ला दिला, शरण जा. खानाने दंड भरला, सामान तिथेच टाकले आणि जीव घेऊन परत गेला.

टाकलेल्या त्या सामानाची इतिहासात नोंद झाली, कारण ते जिंकले गेले. जिंकणाऱ्यांनी जे पाठीवर आणले होते त्यातले निम्मे त्यांनी खाल्ले आणि उरलेले परत घरी नेले. त्याची नोंद कोण करणार? हलकी फौज मागे काही ठेवत नाही.

मग त्या गाठोड्याबद्दल आपल्याला काही कळूच शकत नाही का? इथे आपल्याकडच्या मीमांसकांची मदत घ्यावी असे आम्हाला वाटते. कुमारिल भट्टाच्या परंपरेत 'अनुपलब्धी' नावाचे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळते. प्राभाकर म्हणतात असे वेगळे प्रमाण लागत नाही. नैयायिक त्याला प्रत्यक्षात बसवतात. तो वाद राहू दे. आपल्या कामाची आहे ती एक अट. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. तरच तिचे न दिसणे हा पुरावा. भरउजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

हीच अट कागदपत्रांना लावून बघा. बखरीत नाचणीच्या भाकरीचा उल्लेख नाही. तो असता तर दिसला असता का? नाही. भाकरीबाबत बखर म्हणजे अंधारी खोली आहे. तेव्हा या मौनावरून भाकरी नव्हती असे म्हणता येत नाही. याउलट आगपेटी. घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकरने विकायला काढली ती १८२०च्या दशकात. तिचा जन्मच आपल्याला माहीत आहे. इथे उजेड लख्ख आहे. गाठोड्यात आगपेटी नाही म्हणजे नाही.

या चाळणीतून एकेक वस्तू काढू.

पहिली सगळ्यात मोठी वस्तू, घोंगडी. धनगराच्या मागावरची, मेंढीच्या लोकरीची, काळी नाहीतर करडी. चांगली घोंगडी अडीच-तीन किलोची भरते आणि ओझ्यातला जवळजवळ अर्धा वाटा तीच खाते. पण ती अंथरूण आहे, पांघरूण आहे, पावसात डोक्यावरची खोळ आहे आणि बाकीचे सामान गुंडाळायची पिशवीही आहे. फेब्रुवारीत खाली चावणीला दुपारी घाम फुटतो आणि वर कुरवंड्याला पहाटे दात वाजतात. ज्याला सामान कमी करायचे आहे त्याने घोंगडी कमी करू नये. बाजारात कृत्रिम धाग्याची 'घोंगडी' मिळते. ती ठिणगी पडली की वितळते, आणि खरी लोकर नुसती करपते. ज्याला शेकोटीजवळ झोपायचे आहे त्याच्यासाठी हा फरक अभ्यासाचा नसून कातडीचा आहे.

घोंगडीच्या आत एक धडपा किंवा पंचा, हातमागाचा. शिवण हाताची असावी. यंत्राची टीप दुरूनही ओळखू येते. रंगाचेही पाहावे. रसायनापासून केलेले रंग १८५६ नंतरचे. तेव्हा झेंडूसारखा चकाकणारा भगवा फेटा कितीही आवडला तरी तो १६६१चा नाही. गेरू, कुसुंबा, मंजिष्ठ यांचे रंग मवाळ असतात आणि उन्हात विटतात. विटू द्यावेत.

आता शिदोरी. इथे मंडळी सर्वांत जास्त अडखळतात, कारण आपल्याला जे अस्सल गावरान वाटते त्यातले बरेचसे समुद्रापलीकडून आलेले आहे. शेंगदाण्याची चटणी बाद. शेंगदाणा मूळचा अमेरिकेतला, आणि आपल्याकडच्या शेतांत तो पसरला तो इंग्रजी अमलात. बटाट्याची भाजी बाद. साबुदाणा बाद, उपवास असला तरी. चहा तर सोडाच. मिरची? तीही अमेरिकेची, पोर्तुगिजांनी आणलेली. गोवा आणि किनारपट्टी जवळ असल्यामुळे तिच्यावर वाद घालणारे घालतात. आम्ही तिला बाहेर ठेवतो. लसूण, मीठ आणि चार मिरी यांवर जेवण होते. झणझणीत होत नाही एवढेच.

भाकरी कशाची, हे माणूस कुठला यावर ठरते. घाटावरच्या मावळपट्टीत नाचणी, वरी आणि भात. खाली कर्जत-खालापुरात मुख्य भात, आणि डोंगरउतारावर पुन्हा नाचणी-वरी. म्हणून पुण्याच्या दुकानातून बाजरीचे पीठ आणण्यापेक्षा नाचणी धरावी. नाचणीची भाकरी दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते, पण खाता येते. पीठ दुधात भिजवून केलेली दशमी आणखी टिकते. ती प्रवासाचीच भाकरी. त्याशिवाय भाजलेले हरभरे, पोहे, गूळ. आपल्या गोष्टींतली माणसे तहानलाडू-भूकलाडू घेऊन निघतात ना, त्यामागे हाच व्यवहार आहे: चूल न पेटवता खाता येईल असे काहीतरी जवळ हवे. दबा धरून बसलेल्या माणसाला धूर परवडत नाही. तीन दिवसांचा असा जिन्नस दीड-दोन किलोंत बसतो.

विस्तवासाठी चकमक. पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी धरणारा कापूस, एका लहान बटव्यात, आणि तो बटवा अंगालगत, म्हणजे दमट होणार नाही. तोड्याची बंदूक असलेल्याला तर हे अधिकच हवे. त्याच्याकडे वातीचे वेटोळे, दारूचे शिंग आणि गोळ्यांची थैली असणार, आणि ते गाठोड्यात नाही, कमरेला.

तंबाखूबद्दल नेहमी विचारतात. चालेल, मित्रहो. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेगाने विजापुरात तंबाखू पाहिली आणि ती अकबराच्या दरबारी नेली. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीबाबतचे पत्र तुम्ही शाळेत ऐकले असेल, ज्यात रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका अशा अर्थाची ताकीद आहे. त्याच पत्रात कोणी भलत्या जागी चुली करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील अशी चिंता आहे. पत्र लढाईनंतर बारा-तेरा वर्षांचे. तरी बघा, अंधाऱ्या खोलीत मधेच एक कवडसा पडावा तसे हे आहे. कोणाला इतिहास सांगायचा नव्हता. आगीची भीती होती, म्हणून चिलीम नोंदली गेली. (तंबाखू ओढावी असे आम्ही म्हणत नाही. चंची रिकामी ठेवली तरी चालेल.)

पाणी. एक तांब्या, गळ्याला दोरी बांधलेला, आणि वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा किंवा चामड्याची बुधली. फेब्रुवारीत वरचे ओढे आटलेले असतात. पाणी खाली अंबेच्या डोहांत. कुठल्या वळणावर झरा आहे हे ज्याला ठाऊक, त्याला बुधली लहान चालते. खानाच्या फौजेला ते ठाऊक नव्हते. मावळ्याचे ओझे हलके होते त्याचे अर्धे कारण हे, की पाण्याची जागा तो डोक्यात घेऊन चालत होता. डोक्यातली ही वस्तू गाठोड्यात बांधता येत नाही. म्हणून आम्ही सुचवतो की वेष करण्याआधी ही वाट दोनदा साध्या कपड्यांत उतरा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा जानेवारीत, आणि पाणी कुठे टिकते ते बघून ठेवा.

कॉलिंगवूड नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. 'द आयडिया ऑफ हिस्टरी' हे त्याचे पुस्तक १९४६ साली, त्याच्या मृत्यूनंतर आले. त्याचे म्हणणे असे, की इतिहासकार भूतकाळातला विचार आपल्या मनात पुन्हा घडवतो. वेष, शस्त्र, गाठोडे यांना तो फारसे महत्त्व देणार नाही. त्याच्याशी आम्ही थोडे भांडतो. 'हे घेऊ की ते' असा निवाडा करताना, तीन किलोंची घोंगडी खांद्यावर असताना, तुम्ही मावळ्यासमोरचाच प्रश्न सोडवत असता. फक्त खांदा दुखला म्हणून विचार आपोआप होत नाही, हे त्याचे बरोबर आहे.

कोणी म्हणेल, कागद कशाला, कर्जतच्या डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर जाऊन बघा की. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता, डोक्यावरचा भारा, सगळे आहे. जरूर बघावे, विचारावे, शिकावे. आपल्याकडे याला उपमान म्हणतात. पण जपून. ते लोक आजचे आहेत. त्यांच्याही तीनशे साठ वर्षांत जंगलखाते आले, धरणे आली, वीटभट्ट्या आल्या. कोयता कसा अडकवावा हे त्यांच्याकडून शिकता येईल. ते १६६१ सालचे शिल्लक नमुने आहेत असे मानले, तर चूक इतिहासाची राहत नाही, माणुसकीची होते.

बांधायचे कसे? घोंगडी अंथरा, शिदोरी मधोमध पण जरा वरच्या बाजूला, तांब्या उपडा, मग लांब गुंडाळी करून डाव्या खांद्यावरून तिरकी घ्या आणि गाठ छातीवर. ओझे खांद्याच्या फऱ्यांमधे बसले पाहिजे; कमरेवर उतरले की उतारावर ढकलते आणि तलवारीला अडते. गाठ सुरगाठ, निरगाठ नव्हे. हल्ला झाला की एका हिसक्यात ओझे खाली पडले पाहिजे. सगळे मिळून पाच-सहा किलो भरले तर ठीक. आठच्या वर गेले तर सोडून पुन्हा बघा. काहीतरी विसाव्या शतकातले आत शिरले असणार.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: मोबाइल आणि औषधे यांचे काय? घ्या. घाटात साप आहेत, घसरडे आहे. जखमेची पट्टी, मीठ-साखरेची पुडी, फोन आणि भरलेली पाण्याची बाटली, सगळे एका वेगळ्या कापडात गुंडाळून बरोबरच्या एकाकडे द्या, आणि त्याने वेष करू नये. गटाने निघाल्यावर तो साध्या शर्टात मागून चालेल.